कवडी न मोडणारं चाक

कढीचं नाव काढलं की अजून माझं डोकं फिरतं. लोक म्हणतात, कढी पोटाला हलकी, उन्हाळ्यात बरी. असेल बाई. मी एक अख्खा उन्हाळा कढीवर काढलाय, तोही माझा काडीचा दोष नसताना. आणि त्याला कारण बीडचे आमचे घरमालक. खरं तर मालकही नाहीत, त्यांच्या गाडीची चाकं.

मी तेव्हा बीडला कोर्टात स्टेनो होते आणि मालकांच्या वरच्या दोन खोल्यांत भाड्यानं राहत होते. मालक जनावरांचे डॉक्टर. केजकडच्या धनगराच्या घरातले, शिकून सरकारी दवाखान्यात लागले आणि तिथूनच रिटायर झाले. खोली बघायला गेले त्या दिवशी या माणसानं माझ्या तोंडाकडे बघितलंच नाही. मी दारात उभी, आणि हे कंबरेत वाकून माझ्या चपला बघतायत.

"उचल," म्हणाले.

"काय उचलू?"

"पाय. डावा."

अहो, मी खोली बघायला आले होते, बाजारात उभी राहायला नाही! पण आवाजच असा की पाय उचलला गेला. त्यांनी टाच बघितली, बाहेरच्या बाजूनं झिजलेली. "कंबर दुखती का?" मी म्हटलं, नाही. "दुखंल," म्हणाले आणि आत जाऊन किल्ली घेऊन आले. रागानं मी दोन दिवस त्यांच्याशी बोलले नाही. पुढं कंबर दुखायला लागली, तो भाग वेगळा.

"आधी खूर, मग शिंगं." हे त्यांचं वाक्य दिवसातून चारदा तरी कानावर पडायचं. जनावर घ्यायला गेलेला माणूस शिंगं बघतो, रंग बघतो, वशिंड बघतो आणि फसतो, असं त्यांचं म्हणणं. जनावर उभं राहतं खुरांवर. तेच त्यांनी सगळ्या जगाला लावलं होतं. शेजारच्या घरी मुलीला बघायला पाहुणे आले, तर हे तिथं चहा प्यायला गेले आणि भर बैठकीत नवरदेवाच्या बापाला म्हणाले, "पोराचे तळवे सपाट हायत. पोलीसभरतीच्या नादाला लावू नका." पाहुणे चहा अर्धा टाकून उठले. शेजाऱ्यांनी वर्षभर यांच्याकडे हळदीकुंकवाचं बोलावणं पाठवलं नाही. मालकांना त्याचं काही नाही. "मी खोटं बोललो का?" एवढंच. खोटं नव्हते बोलले, पण कुणी विचारलं होतं का हो तुम्हाला?

असा माणूस सांभाळायचा म्हणजे बायको कशी हवी? काकू तशाच होत्या. त्यांच्या तोंडी दोनच शब्द. "बरं हाय." भाजी खारट झाली, बरं हाय. पाणी चार दिवसांनी आलं, बरं हाय. मणक्याचं मोठं ऑपरेशन झालं, पाठीत सळ्या बसवल्या, बाहेर आणलं आणि डॉक्टरांनी विचारलं कसं वाटतंय, तर पांढरीफटक पडलेली ही बाई म्हणते, "बरं हाय." मला या दोन शब्दांचा इतका संताप यायचा! आमच्याकडच्या बायकांना जन्मतःच हे शिकवून ठेवतात की काय कोण जाणे. ओरडावं माणसानं दुखलं तर.

काकूंना माहेरचं एकच माणूस उरलं होतं. केजला दिलेली थोरली बहीण, आक्का. आईमागं आक्कानंच त्यांना वाढवलं. आता आक्काची आठवण झिजत चालली होती. आधी शेजाऱ्यांची नावं गेली, मग नातवंडांची, मग सुनेला 'तू कोण' झालं. काकूंना तेवढं अजून ओळखायच्या. म्हणून काकू दर रविवारी केजला जायच्या आणि जाताना दह्याचं गाडगं न्यायच्या, कारण आक्काला कवडी दही लई आवडायचं. कवडी म्हणजे नुसतं घट्ट नव्हे. चमचा घातला की कापल्यासारखी कड उभी राहिली पाहिजे, आणि पाणी सुटता कामा नये.

"लहानपनी माझ्या हातचं दही कदी साबूत घरी पोचलं न्हाई बग," काकू एकदा मला विरजण लावता लावता म्हणाल्या. "माळावरनं गाडगं घिऊन मी पळत यायची. आक्का दारातच उभी. बारके, मेले, परत मोडलंस का दही! आजून तसंच म्हनती मला. बारके मेले." हे सांगताना त्या हसत होत्या. काकूंना 'मेले' म्हणणारं जगात ते एकच माणूस राहिलं होतं, आणि ते माणूस आपल्याला ओळखतंय तोवर जाऊन घ्यावं, एवढाच त्यांचा हट्ट. आयुष्यात केलेला पहिलाच असावा.

आणि नेमकी तेव्हा ती गाडी आली.

गाडी चिरंजिवांची. ते पुण्याला मोठ्या कंपनीत. विजेवरची गाडी घेतली, तीसुद्धा साधी नव्हे, शर्यतीला पळवावी तसली. पायाचा अंगठा टेकवला की मान मागं आदळते. सहा महिने पुण्यात मिरवली आणि कंपनीनं चिरंजिवांना परदेशी पाठवलं. मग म्हणे, "आप्पा, पडून खराब होईल, तुम्हीच वापरा." बरं, वापरा म्हणावं आणि गप्प बसावं ना? नाही. अंगणात दोन गाड्यांना जागा नाही म्हणून आमच्या मालकांची जुनी, छोटी, गरीब गाडी परस्पर विकायला लावली. त्या गाडीत काकू मागच्या सीटवर मस्त लोड लावून बसायच्या.

नव्या गाडीची चाकं वीस इंची. रिंग ही एवढी आणि तिच्यावर रबर बांगडीएवढं. दिसायला झकास, मी नाही म्हणत नाही. पण ते पुण्याच्या पोरांना दिसायला. बीडहून केजला जाणाऱ्या रस्त्याला ती काय कामाची? आमच्याकडे अपघात झाला की गावकरी रातोरात गतिरोधक घालतात, आणि त्या गतिरोधकामुळे अपघात झाला की पुढं दुसरा घालतात. मालक प्रत्येक गतिरोधकाला गाडी थांबवून खाली उतरायचे, वितीनं उंची मोजायचे आणि जवळच्या घरात जाऊन विचारायचे, "ही म्हैस कुनी आडवी घातली?" लोक भांडायला यायचे. हे उभे राहून भांडायचे.

पहिल्या रविवारी त्या गाडीतून केजला जाऊन आले. काकू उतरल्या त्या दाराला धरून. मी विचारलं, "काकू, त्रास झाला?" "न्हाई, बरं हाय." आणि पुढचा आठवडा अंथरुणातून उठल्या नाहीत. मालकांना बायकोच्या तोंडाकडे बघून काही कळलं नव्हतं हो! जनावराचा कान हलला तरी पोटात काय दुखतंय ते सांगणारा माणूस, चाळीस वर्षं संसार केलेली बायको मागं बसून ओठ चावतीय ते दिसलं नाही. कळलं कशावरून? आक्काच्या घरी गाडग्यावरचं फडकं सोडलं, तर आत चोथा वेगळा आणि पाणी वेगळं. तेव्हा डोक्यात उजेड पडला.

"दही मोडलं," मला जिन्यात गाठून सांगत होते, जशी काही मी रस्ता बांधलाय. "दह्याची ही गत, तर हिच्या मणक्याचं काय झालं आसंल!"

"मग विचारा की काकूंना."

"तिला काय इचारतीस? बाई खोटं बोलंल. दही न्हाई बोलायचं खोटं."

झालं. तिथून कढी सुरू झाली. म्हणजे असं, की चाक बदलायचं ठरलं आणि चाक बरं की वाईट हे दह्यानं ठरवायचं ठरलं. सकाळी काकूंच्या हातचं कवडी दह्याचं गाडगं मागच्या सीटवर, काकू बसायच्या त्याच जागी, पट्टा लावून बसवायचं. मालक ते घेऊन केजच्या रस्त्यानं जाऊन यायचे. काकू घरी. परत आल्यावर फडकं सोडायचं. कवडी फुटलेली असली की चाक नापास, आणि फुटलेल्या दह्याची कढी. दोघं म्हातारी माणसं किती खाणार? पातेलं वर माझ्याकडे.

एकदा चाकातली हवाच कमी करून बघितली. दही बऱ्यापैकी टिकलं, पण गाडीच्या पडद्यावर पिवळा दिवा पेटला आणि टायर हाताला चटका बसेल इतके तापले. "ताप भरला जनावराला," म्हणून परत हवा भरली. मग त्याच रिंगेवर दुसऱ्या कंपनीचे मऊ टायर घालून बघितले. कढी. कुणाकडून तरी एकोणीसची चाकं मागून आणली. कढी. त्यात पंक्चरवाल्याशी मारामारी होता होता राहिली. या गाडीच्या पोटाखाली सगळी बॅटरी पसरलेली असते, जॅक ठरलेल्या चार जागीच लावावा लागतो. पंक्चरवाल्यानं घातला मधोमध पोटाखाली. मालक ओरडले, "आरं, गाभन हाय ती! पोटाला कावून लावायलास?" तेव्हापासून ते जॅकवर ठेवायची जाड रबरी चकती शर्टाच्या खिशात घेऊन फिरायचे. लग्नाला गेले तरी खिसा फुगलेला.

गाडीची बाकी हौस शून्य. ती किती सेकंदांत किती पळते हे गल्लीतली पोरं तोंडपाठ म्हणून दाखवायची. मालक तिला बैलगाडीच्या चालीनं न्यायचे आणि मागून हॉर्न वाजला की हात बाहेर काढून म्हणायचे, "जा बे, जा, लई घाई आसंल तर."

बार्शी नाक्यावर एका चाचांचं टायरचं दुकान होतं. भिंतभर मॅकव्हील, म्हणजे शोभेच्या नक्षीदार रिंगा टांगलेल्या, काळ्या, चंदेरी, सोनेरी. चाचांचे आजोबा नालबंद, बैलांना पत्र्या ठोकायचे. मालकांनी त्यांना सांगितलं, वीसची काढायची आणि अठराची घालायची. रिंग बारकी, वर रबर जाड, एकूण उंची तेवढीच राहिली पाहिजे, नाहीतर काटा खोटा वेग दाखवंल. मी त्या दिवशी स्कूटीच्या टायरसाठी तिथंच होते. अख्खं दुकान हसलं.

"डॉक्टरसाब," चाचा म्हणाले, "वीसची एकवीस करा, बावीस करा. लोक चाक वाढवाया येतात माज्याकडं. कमी कराया आजवर कुनी आलं न्हाई. गाडीची शान जाती."

"तुजा आजा बैलाला पत्री मारायचा ती बैल चालावा म्हनून, का उंच दिसावा म्हनून?"

"बैल बोलत न्हवता साब. गिऱ्हाईक बोलतंय."

हे उत्तर मालकांना इतकं झोंबलं की रोज जाऊन बसायला लागले. चाचा हायवेची थाप मारायचे, "ही मऊ टायर बगा, चौसाळ्यापर्यंत जाऊन या, मख्खन." मालक म्हणायचे, "हायवेला चौसाळ्यापर्यंत कुटलंबी चाक गोडच लागतंय. माजी मेहुनी केजला ऱ्हाती."

शिवाय अठराची म्हणजे कुठलीही अठराची चालत नव्हती. पळणाऱ्या गाडीला थांबवायचा ब्रेकही दांडगा, आणि बारकी रिंग त्याला आतून घासते. मालकांनी काय करावं? घरात आलेली एक भलीमोठी जाड लग्नपत्रिका घेतली, आणि ब्रेकचा आकार कापून तिचा साचा केला. तो घेऊन हा माणूस दुकानादुकानात जमिनीवर मांडी घालून बसायचा आणि प्रत्येक रिंगेत पत्रिका फिरवून बघायचा. साच्यावर 'आग्रहाचे निमंत्रण' अजून वाचता यायचं. चाचा म्हणायचे, "साब चाकांना लग्नाला बोलवायलेत." आणि एका दुकानदारानं मापात बसणारे पण हलक्या गाडीचे टायर गळ्यात मारायचा प्रयत्न केला, तर मालकांनी टायरच्या कडेवरचा वजनाचा आकडा त्याला वाचून दाखवला आणि बाजारात सगळ्यांदेखत त्याचा उद्धार केला. बॅटरीनं गाडी दगडासारखी जड. फुटला असता टायर तर?

गावात तर काय वाट्टेल ते. डॉक्टरांचं डोकं फिरलं. डॉक्टरांनी गाडीची चाकं काढून ट्रॅक्टरला लावली. कोर्टातला आमचा शिपाई मला विचारतो, "म्याडम, तुमचे मालक गाडी बुटकी करायलेत म्हनं?" मला असा राग यायचा! एक माणूस बायकोच्या पाठीसाठी उन्हातान्हात फिरतोय आणि याचं सगळं लक्ष गाडीच्या शोभेवर. अर्थात त्याच संध्याकाळी कढीचं पातेलं वर आलं की तो राग मालकांकडे वळायचा.

शेवटी चाचांनीच अठराची चाकं मागवून दिली. करड्या रंगाची, साधी, ताटासारखी. पत्रिका आत सुळकन फिरली. मालक केजला जाऊन आले आणि गाडगं दोन्ही हातांत धरून थेट माझ्या दारात. "घाल चमचा." घातला. कड उभी राहिली. थेंबभर पाणी नाही. मालक हसलेबिसले नाहीत. "उद्याच्याला कढी न्हाई," म्हणाले आणि उतरून गेले. मला रडूच यायचं बाकी होतं.

काकू पुन्हा रविवारी जायला लागल्या. केजहून उतरायच्या त्या चालत, दाराला न धरता. पण एवढ्या सगळ्यात काळ गेलाच होता ना. चाक सापडलं तोवर तिकडे ओळख पुसली गेली होती. आक्का कवडी दही शांतपणे खायच्या आणि म्हणायच्या, "चांगलं हाय हं दही, बाई. तुमी कुनाच्या?" तुमी! जिनं जन्मात 'मेले'शिवाय हाक मारली नाही ती धाकट्या बहिणीला अहोजाहो करायला लागली. मी एकदा विचारलं, काकू, आक्का काय म्हणतात? पहिल्यांदाच त्या 'बरं हाय' म्हणाल्या नाहीत. "लई मान देती मला," म्हणाल्या आणि आत गेल्या.

का नाही संताप यायचा? त्या पुण्याच्या पोरानं जुनी गाडी विकायला लावली नसती तर ते महिने वाया गेले नसते. मी मालकांना तसं तोंडावर म्हटलं. ते चाकाला हात लावून बसले.

दिवाळीला चिरंजीव सुट्टीवर आले. अंगणात गाडी बघितली आणि पोराचा चेहरा पडला. मित्रांनी फोटो बघून आधीच खेचली होती, "काय बे, शर्यतीच्या घोड्याला खेचराचे पाय लावले का?" आप्पांना काही बोलायची छाती नाही. मग "सर्व्हिसिंगला नेतो" म्हणून संभाजीनगरला गाडी घेऊन गेला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी परत आला तो हॉर्न वाजवत. गाडीला झेंडूचा हार. चाकं एकवीस इंची, सोनेरी. रबर पूर्वीपेक्षाही बारीक. "आप्पा, सरप्राइज! माझ्याकडून तुम्हाला दिवाळीभेट." अठराची? ती दुकानात बदल्यात देऊन टाकली म्हणे.

पोरगा वाईट नव्हता. बापाला चांगलं द्यावं म्हणूनच केलं त्यानं. पण चांगलं म्हणजे काय, ते ज्याला द्यायचं त्याला विचारावं की नाही? तुमच्या आईच्या पाठीत सळ्या आहेत हे तुम्हाला माहीत, मग एवढं कसं सुचत नाही? मी जिन्यावरून खाली आले ती चांगलं सुनावायचं ठरवूनच. पण मालक आधीच खाली वाकलेले. सोनेरी चाकावरचं रबर बोटांनी मोजत होते. 

आणि तेवढ्यात केजहून आक्काच्या सुनेचा फोन. कालपासून अन्नाला तोंड लावत नाहीत. डॉक्टर म्हणाले, कुणाला बोलवायचं तर बोलवा.

काकूंनी पदर खोचला. "चला."

"जरा थांब," मालक म्हणाले, "दुसरी गाडी बगतो."

"दिवाळीचं कोन देतंय गाडी? चला म्हनलं ना."

मला त्यांनी सोबत घेतलं, धरायला. मी आणि काकू मागं. मालक चालवायला. पोरगा पुढं बसायला लागला, तर मालकांनी घरातून दह्याचं गाडगं आणलं आणि त्याच्या मांडीवर ठेवलं. वरचं फडकं काढून टाकलं.

"ही धर. आन् केजपातूर ह्याच्याकडंच बगत बस. तुजी आई तुला काय सांगायची न्हाई."

मालकांनी इतकी सावकाश गाडी कधी चालवली नव्हती. उसाच्या ट्रॉल्यासुद्धा आम्हाला ओलांडून गेल्या. काय उपयोग? पहिला गतिरोधक आला आणि काकूंनी माझं मनगट धरलं. माझ्या हातावर त्यांची नखं उठली होती, पण तोंडातून हूं नाही. पुढं पोरगा गाडग्यात बघत बसलेला. आधी कडेनं चीर गेली. मग चिरेत पाणी आलं. मग कवडी मधोमध फुटली आणि तिचे तुकडे पाण्यात हलायला लागले. पोरगा मागं वळला. डोळ्यांत पाणी.

"आई, दुखतंय का गं?"

"न्हाई रे. बरं हाय."

"आप्पा, थांबवा गाडी. थांबवा ना."

"थांबून काय करू?" मालक म्हणाले. "म्होरंबी ह्योच रस्ता हाय."

केजला पोचलो. काकूंना मी आणि मालकांनी दोन्ही बाजूंनी धरून आत नेलं, मागून पोरगा गाडगं घेऊन. आक्का खाटेवर, डोळे छताला. काकू शेजारी बसल्या, हात हातात घेतला. आक्कांनी मान वळवली. "कोन, बाई, तुमी?" आवाज कसाबसा. काकूंनी मान खाली घातली. सून म्हणाली, दही तरी भरवून बघा, दुसरं काही घेत नाहीत. पोरानं गाडगं पुढं केलं. काकूंनी चमचा घातला, तर चमच्यात नुसतं पाणी आणि दोन गाठी.

आक्कांनी चमच्याकडे बघितलं. मग गाडग्यात बघितलं. कपाळाला आठी पडली. अंगात कुठून बळ आलं कोण जाणे, कोपरावर उठल्या.

"ही कुनी हलीवलं?"

 पोरगा तोंड उघडणार तेवढ्यात आक्कांनी काकूंकडे बघितलं. चांगलं रोखून बघितलं.

"बारके! मेले! कितींदा सांगू तुला, पळू नगं म्हनून? परत मोडलंस ना दही!"

"व्हय आक्का," काकू म्हणाल्या. "मीच मोडलं."

आणि मग ती बाई रडली. बरं हाय म्हणणारी ती बाई, सळ्या घातल्यावरही न ओरडलेली, बहिणीच्या मांडीत तोंड घालून मोठ्यानं, गल्लीला ऐकू जाईल अशी रडली. आक्का तिच्या पाठीवर हात फिरवत बोलतच होत्या, किती धांदरट हाय पोरगी, हिला सासरी कोन नांदवंल. मग ते मोडकं दही त्यांनी खाल्लं. गाडगं अर्धं संपवलं.

मी बाहेर आले. मालक अंगणात सोनेरी चाकाला लाथा घालत होते.

"म्हंजे येवढी चाकं बदलली ती कावून?" माझ्यावरच ओरडले. "इतके म्हैने साबूत दही आनलं, तर तुमी कुनाच्या! आन् ह्या गाबड्यानं सगळं मोडून आनलं, तर बारके! ही काय न्याय झाला का?" आणि बोलता बोलता भिंतीला टेकून खाली बसले आणि उपरण्यानं डोळे पुसायला लागले.  मला हसू येत होतं, रडूही येत होतं, आणि आता माझ्या कढीचा हिशोब कुणाकडे मागायचा तेही कळत नव्हतं.

पोरानं तिथूनच दुकानाला फोन लावला. अठराची चाकं सुदैवानं अजून तिथंच होती. त्याच आठवड्यात स्वतः जाऊन बदलून आणली आणि लग्नपत्रिका आत फिरवून बघितली.

आक्का त्यानंतर बरेच दिवस होत्या. माझी बदली होईपर्यंत मीही बऱ्याचदा रविवारी मालक-काकूंबरोबर केजला गेले. काकू मागं लोड लावून बसायच्या, गाडगं त्यांच्या मांडीवर. सगळे गतिरोधक, सगळे खड्डे पार करून गाडी आक्काच्या दारात यायची, मालक फडकं सोडून बघायचे, कवडी जशीच्या तशी. मग काकूंना हात देऊन उतरवायचे, सावलीत उभं करायचे. आणि मग भर रस्त्यात, येणाऱ्याजाणाऱ्यांदेखत, ते गाडगं दोन्ही हातांत धरून गदागदा हलवायचे. अंगावर शिंतोडे, तोंडात शिव्या.

एकदा मला राहवलं नाही. म्हटलं, "मालक, शेवटी मोडायचंच असतं, तर मग चाकांचा एवढा अट्टहास कशाला केला हो?"

माझ्याकडे असं बघितलं, जशी काही मी गाईला घोडी म्हटलंय.

"दही मोडायचं तर हितं, दारात, माज्या हातानं मोडीन," म्हणाले. "रस्त्याला मोडू देनार न्हाई."